बांधीतली सीताबर्डी

घर्रर्र करून लाखोडीच्या डाळीचा डबा थरथरला.

लाइन गेलेली. पंखा गप्प, फ्रीज गप्प, ओसरीत आडव्या झालेल्या सासूबाई गोमतीबाई गप्प. पाच वर्षांची लेक रुचि आधी गोष्टीने, मग गाण्याने आणि शेवटी धमकीने नुकतीच झोपलेली. अशा शांततेत स्टीलच्या डब्यात, डाळीत पुरलेला मोबाईल थरथरला तर घाट चढणाऱ्या ट्रकसारखा आवाज होतो. ओमेश्वरीने झेप घेऊन डबा छातीशी धरला. मोबाईल डाळीत पुरून ठेवायचं कारण इतकंच, की त्याचं कुलूप उघडायची युक्ती रुचिला तिच्याआधी पाठ झाली होती.

डाळीची पूड पदराने पुसून तिने वाचलं : ‘ओमेश्वरीताई, यंदाची मांडणी तुमच्याकडे. शेवटचा रविवार. पहिला हुकूम दहाला. — उदाराम.’

तिने पदराचा बोळा तोंडात धरला. आनंदाने ओरडायचं तर रुचि उठली असती.

हा निरोप होता ‘रणांगण मित्रमंडळ’ या मोबाईलवरच्या मंडळाचा. कोल्हापूरपासून देवरीपर्यंत विखुरलेली त्रेचाळीस माणसं, एकमेकांना कधीही न भेटलेली, रोज सकाळी उठून जुन्या लढाया नव्याने लढतात. तोफेच्या चाकाला आरे किती, यावरून दोन गृहस्थ आठवडाभर अबोला धरतात. पण एकाच्या मुलीला बारावीत कमी मार्क पडले की दुसरा आधी धीर देतो आणि मग पुन्हा आऱ्यांवर येतो. रुचिला कांजिण्या झाल्या तेव्हा एका वेढ्याची चर्चा अर्ध्यावर टाकून अकरा पुरुषांनी कडुनिंबाचा पाला कसा वापरावा हे सविस्तर लिहिलं होतं. त्यातल्या नऊ जणांनी आयुष्यात लेकराला आंघोळ घातली नसावी, हे त्या सूचनांवरून कळतच होतं. पण लिहिलं होतं.

मंडळाचा एक वार्षिक नेम होता. मार्चच्या शेवटच्या रविवारी एका सदस्याने एक खरी लढाई जमिनीवर मांडायची, फोटो पाठवायचे. बाकीच्यांनी दोन फौजा करून फोनवर हुकूम सोडायचे. दहाच्या ठोक्याला रणांगण तयार नसेल, तर मान आपोआप कोल्हापूरच्या दातांच्या डॉक्टरांकडे जायचा. त्यांच्याकडे शिशाचे चारशे सैनिक आणि काचेचं टेबल होतं, आणि त्यांना दुसरं काही काम नसावं असा ओमेश्वरीचा संशय होता. गेल्या वर्षी तिची पाळी आली होती. साडेनऊला रुचिने तिच्या अंगावर उलटी केली आणि पाळी कोल्हापूरला गेली. ‘काही हरकत नाही ताई, घर आधी,’ असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. ती सहानुभूती वर्षभर तिच्या दातात अडकून बसली होती, आणि दातांचा डॉक्टर तोच.

यंदा पाळी हुकू द्यायची नाही, हे तिने डाळीच्या डब्यावर हात ठेवून ठरवलं. लढाईही ठरवली : सीताबर्डी, अठराशे सतरा. नागपूरच्या दोन टेकड्या, एक मोठी, एक लहान. वर कंपनीची फौज, खाली भोसल्यांची.

तिचा नवरा लोकेंद्र, सडक अर्जुनीला हायवेवर ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टचं दुकान चालवणारा, घास थांबवून म्हणाला, “त्याच्यात आपण हारलो होतो ना?”

“हो.”

“मंग कायले मांडतेस?”

या प्रश्नावर मंडळात एक लेख लिहिता आला असता. ओमेश्वरीने त्याला आणखी भात वाढला. भात खाऊन लोकेंद्रने घरामागच्या भातशेतातली धानाची बांधी दिली. कापणी कधीचीच होऊन ती कोरडी पडली होती. “फक्त नांगर फिरवाच्या आधी तुही सीताबर्डी उचलजो,” एवढी एकच अट.

इथवर सारं सरळ होतं. वाकडं झालं ते उदारामकाकांच्या सरळपणामुळे. भंडाऱ्याचे उदारामकाका हे मंडळाचे प्रमुख, आणि चौतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक. जमीन मोजणं हे त्यांचं पोट होतं आणि लढाया हा त्यांचा जीव. दोन्ही एकत्र करायची संधी आयुष्यात पहिल्यांदा येत होती. त्यांनी फोनवरून प्रमाण काढून दिलं. “ताई, अंदाजपंचे करू नका जी. चुन्याची रेघ मारा. साडेसात फुटावर एक खुंटी. खुंटीला नंबर. वर लाल कापड. अशी मांडणी करा की कोणी म्हणंन, काम शासकीय आहे!”

कोणी तसं म्हणेल, हे त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. पण त्यातला धोका दोघांच्याही ध्यानात आला नाही.

शनिवारी दुपारभर ओमेश्वरी बांधीत राबली. चाळीस खुंट्या, लाल चिंध्या, चुना. खुंट्यांच्या एका रांगेची नागनदी. तणशीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, दोन ढिगांच्या दोन टेकड्या. भोसल्यांचे सैनिक म्हणून छपराच्या फुटक्या कवेलूंचे तुकडे, कंपनीचे म्हणून रस्त्याकडेची पांढरी गिट्टी. रुचि गिट्टी मोजत होती. तिला वीसपर्यंत येत असल्याने कंपनीची फौज दर वेळी वीसच भरत होती.

पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेजारीण कुंदाबाई थबकली. “काय करून राह्यली वं ओमेश्वरी? रोड जाते का काय इथून?”

“नाही काकू, सीताबर्डी हाये हे.”

“सीताबर्डीपावतर जाते? बापा!” म्हणत कुंदाबाई घमेलं तिथेच ठेवून गावाकडे पळाली.

गावाला दोष देता येत नाही. या गावात लाल चिंधीच्या खुंट्या आजवर दोनदा उगवल्या होत्या. पहिल्या वेळी खरोखरच हायवे आला. दुसऱ्या वेळी कालवा येणार होता, तो काही आला नाही. त्या खुंट्यांना लोकांनी शेळ्या बांधल्या. तेव्हा तिसऱ्या वेळी गाफील राहायचं नाही, असा साऱ्यांचा निश्चय असणं साहजिक होतं. दिवेलागणीपर्यंत रस्ता सहा पदरी झाला होता, त्याला देवळाजवळ एक पूल निघाला होता, आणि ओमेश्वरी सर्वेवाल्यांना सामील आहे हे पक्कं झालं होतं.

गोमतीबाई देवळातून परतल्या त्या ओठ आवळून. “साऱ्या बायका माह्याकडे पाहून राह्यल्या होत्या. लोकाईच्या सुना मोबाईलवर साड्या पाह्यतेत. आमची रोड पाह्यते!”

“माय, रोड नाही, लढाई हाये.”

“तेवढंच राह्यलं होतं!”

रविवारी सकाळी पावणेनऊ वाजता ओमेश्वरी चहाचा कप घेऊन मागच्या दारात आली, आणि कप तिच्या हातात तसाच राहिला. रणांगण चाललं होतं. म्हणजे जागेवरून चालत गेलं होतं. चाळीसपैकी तेरा खुंट्या आपल्या ठिकाणी होत्या. ज्यांना रस्ता नको होता, त्यांनी आपल्या बाजूच्या खुंट्या उपटून दुसऱ्याच्या बांधीत ठोकल्या होत्या. ज्यांना हवा होता, त्यांनी दुसऱ्याच्या उपटून आपल्या बांधीत. सतरा नंबरच्या खुंटीची कथा तर पुढे बरेच दिवस गावात चालली. ती कुंदाबाईचा नवरा ईश्वरदास याने पहाटे आपल्या मुरमाड बांधीत आणली, कारण तिथे तसंही काही पिकत नव्हतं. सकाळी सडा टाकताना कुंदाबाईला ती दिसली. तिथे तिचं आंब्याचं झाड होतं. तिने ती उपटून ओढ्यापाशी नेऊन ठोकली. ईश्वरदासने तोंड धुताना पाहिलं, पुन्हा आणली. दोघांपैकी एकानेही दुसऱ्याला विचारलं नाही. खुंटीच चालते, अशी दोघांचीही समजूत झाली होती आणि दोघंही मनातून घाबरली होती.

आणि लहान टेकडी नव्हती. जिथे ती होती तिथे ईश्वरदासची म्हैस बसून रवंथ करत होती. खऱ्या लढाईतही लहान टेकडीच आधी पडून भोसल्यांच्या हाती गेली होती, हे ओमेश्वरीला आठवलं. पण त्याने समाधान होईना.

नऊला फोटो पाठवायचा नियम. तिने पाठवला. मंडळातून एकतीस निरोप एकदम कोसळले.

“नागनदी हातपंपाकडे कशी काय गेली?” उदारामकाकांनी लिहायचं सोडून थेट आवाजच पाठवला.

“लहान टेकडीच्या जागी जो काळा भाग दिसतो, ती दारूगोळ्याची कोठी का?” एक प्राध्यापक.

“म्हैस आहे,” ओमेश्वरीने लिहिलं.

“काही हरकत नाही ताई,” कोल्हापूरहून आलंच. “मी टेबल पुसून ठेवलंय.”

ते वाचून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात देवरीच्या शालीकरामकाकांचा आवाज आला. मंडळात हा एकच माणूस खरोखरच्या फौजेत होता, सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. बाकी बेचाळीस जण तोफांवर बोलत तेव्हा हा बहुधा गप्प असे. “ताई,” ते म्हणाले, “तुम्ही चहा पेला का? आधी चहा प्या. मंग पाहू.”

तिने गार चहा एका घोटात संपवला. नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. खुंट्या परत आणायच्या तर निदान तासभर हवा. आणि तिने पहिली खुंटी उपटायला हात घातला, तोच धुऱ्याकडून आवाज आला, “सरकारी खुंटीले हात नको लावू!” मागे वळून पाहते तो अख्खा धुरा माणसांनी भरलेला, आणि पुढे मोटरसायकलवरून उतरणारा तलाठी इंद्रकुमार. शासनाने त्याचं पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं होतं. पण एवढं लांब नाव हाक मारेपर्यंत तो गाडीवरून निघून जायचा, म्हणून गावात तो तलाठीच होता. मागे कोतवाल कवडू, हातात रजिस्टर. कोणीतरी खुंट्यांचा व्हिडिओ तालुक्याला पाठवला होता आणि रविवार असून तालुक्याने तो पाहिला होता.

“ताई, हा सर्वे कोण्या विभागाचा हाये?” इंद्रकुमारने विचारलं. “आमच्या ऑफिसले कोणतंच पत्र नाही.”

“सर्वे नाही साहेब. सीताबर्डीची लढाई हाये. अठराशे सतरा.”

“परवानगी?”

“लढाईची?”

“कशाचीही. परवानगी दाखवा.”

“साहेब, माहीच बांधी हाये.”

“सीताबर्डीची लढाई नागपूरले जाऊन करा ना जी! तो आमचा तालुकाही नाही, जिल्हाही नाही. कवडू, लिही.”

कवडूने रजिस्टर गुडघ्यावर घेतलं. इंद्रकुमार सांगू लागला, आणि त्या पंचनाम्याची नक्कल ओमेश्वरीने आजही जपून ठेवली आहे : ‘मौक्यावर समक्ष पाहणी केली असता सदर बांधीत सीताबर्डीची लढाई मांडल्याचे दिसून आले. कोणीही जखमी नाही. मोठी टेकडी सुस्थितीत. लहान टेकडी म्हशीने खाल्ली आहे.’

“म्हैस कोणाची, तेही लिहा,” मागून एक जण म्हणाला. ईश्वरदास लगेच मागच्या रांगेत गेला.

ओमेश्वरीने शेवटचा उपाय म्हणून उदारामकाकांना फोन लावून स्पीकर सुरू केला. “साहेब, मी उदाराम बोलतो, निवृत्त भूकरमापक,” काकांचा खर्जातला आवाज बांधीभर पसरला. “या खुंट्या माझ्या सांगण्यावरून आहेत. चौतीस वर्षं मोजणी केली जी. दुसऱ्या कोणत्या पद्धतीनं खुंटी ठोकताच येत नाही मला. त्या पोरीचा काही दोष नाही.”

भूकरमापक हा शब्द ऐकताच इंद्रकुमारने नकळत टोपी नीट केली. पण धुऱ्यावर गलका उसळला. “पाहा! मोजणीवालाच निंघाला! हे अंदरसे मिळून हायेत साहेब!”

आता गोमतीबाई पुढे आल्या. काल संध्याकाळपासून त्या सुनेशी बोलल्या नव्हत्या. त्यांनी पदर खोचला. “कोण म्हणते मिळून हाये? पुढं ये. माह्या सुनेनं लढाई म्हटलं त लढाईच हाये! आमच्या घरची सून खोटं बोलत नाही. मोबाईल पाह्यते, पण खोटं बोलत नाही.”

“मंग लढून दाखवा,” ईश्वरदास मागच्या रांगेतून म्हणाला.

इंद्रकुमारला हा मार्ग पसंत पडला. लढाई झाली तर रस्ता नाही, असा निर्वाळा त्याला लिहिता आला असता. “दाखवा ताई. लढा.”

दहाला नऊ मिनिटं कमी होती. खुंट्या पांगलेल्या, कवेलूंचे सैनिक पोरांनी लगोरीला नेलेले, गिट्टी तुडवली गेलेली. ओमेश्वरीने एकदा बांधीकडे पाहिलं, एकदा धुऱ्यावरच्या साठ-सत्तर माणसांकडे. कोल्हापुरात टेबल पुसून ठेवलेलं होतं.

“चला, उतरा खाली,” ती म्हणाली. “सैनिक तुम्हीच.”

माणसं आधी हसली, मग उतरली. रविवारी सकाळी दुसरं कामही नव्हतं. अडचण एकच आली : कंपनीच्या बाजूने कोणी उभं राहीना. “आम्ही कायले इंग्रजाकडून? आमचे आजे-पणजे का म्हणतीन?” तेव्हा कुंदाबाईने तोडगा काढला. “तलाठी सरकारचा माणूस हाये ना? त्यालेच करा सरकार.” अशा रीतीने इंद्रकुमार, कवडू कोतवाल आणि गर्दीतले, रोजगार हमीचे दोन रोजगारसेवक मिळून कंपनीची फौज झाली आणि तणशीच्या मोठ्या टेकडीवर चढली. गोमतीबाई म्हशीला उठवून तिच्या जागी, म्हणजे लहान टेकडीवर, मांडी घालून बसल्या. “मी इथं बसतो. उभं नाही राहवत मले.”

दहाला दोन मिनिटं असताना ओमेश्वरीने मंडळाला फोटो पाठवला. खाली लिहिलं, ‘रणांगण तयार.’

मग काय विचारता! फोन खुंटी नंबर तीनवर बांधला होता आणि त्यातून साऱ्या महाराष्ट्राचे सेनापती ओरडत होते. “भोसल्यांची डावी बगल पुढे!” प्राध्यापक गरजले. डावी बगल म्हणजे ईश्वरदास आणि त्याचे भाऊबंद. ते पुढे सरकले ते थेट पलीकडे कुंदाबाईच्या आंब्याच्या सावलीत जाऊन बसले. ऊन तापत होतं. “पाणी पाजा सगळ्याईले,” मधूनच शालीकरामकाका म्हणाले, “दोन्ही बाजूच्या.” ओमेश्वरीने रुचिच्या हाती लोटा दिला. रुचि मोठ्या टेकडीवर चढून शत्रूला पाणी देऊन आली.

कंपनीचे सेनापती होते कोल्हापूरचे डॉक्टर. आपली वेळ आली हे पाहून त्यांनी हुकूम सोडला, “आता प्रतिहल्ला! लहान टेकडीवर चढाई करा आणि ती परत घ्या!”

इंद्रकुमार दोन पावलं उतरला. समोर गोमतीबाई होत्या. त्यांनी नुसतं वर पाहिलं.

“चढा!” कोल्हापूर ओरडलं.

“साहेब, तिथं एक माय बसली हाये,” इंद्रकुमार फोनकडे तोंड करून म्हणाला.

“इतिहासात ही टेकडी आपण घेतलीय!”

“मंग तुमीच येऊन घ्या ना जी! मले इथं उद्या सातबारा वाटाचा हाये.”

कवडूने रजिस्टर खाली ठेवलं आणि दोन्ही हात वर केले. रोजगारसेवक तर आधीच आंब्याखाली जाऊन बसले होते. कंपनी सरकार दहा वाजून एकतीस मिनिटांनी शरण आलं. बांधीत अशी आरोळी उठली की म्हैस ओढ्यापर्यंत पळाली. रस्ता कोणाच्या ध्यानातही राहिला नाही.

मंडळात मात्र पेच पडला. निकाल इतिहासाशी जुळत नव्हता. मांडणी ग्राह्य धरायची की नाही? ओमेश्वरी नखं खात उभी होती. शेवटी उदारामकाकांनी घसा साफ केला. “मोजणीचा नियम एकच. नकाशात काय आहे ते नाही लिहायचं, जागेवर जे दिसतं ते लिहायचं. मांडणी मंजूर.”

पाठोपाठ कोल्हापूर. तिने भीत भीतच वाचलं : ‘ताई, माझ्या शिशाच्या सैनिकांनी आजवर माझा एकही हुकूम मोडला नाही. आज कळलं की मी कधी लढाई पाहिलीच नव्हती. पुढल्या वर्षी मला तुमच्या फौजेत घ्या. आंब्याखाली जागा मिळाली तरी चालेल.’

ओमेश्वरीने ते तीनदा वाचलं. चौथ्यांदा गोमतीबाईंना वाचून दाखवलं. “दातावाला ना?” त्या म्हणाल्या. “त्याले म्हणा, ये. माही दाढ दुखते.”

इंद्रकुमार पंचनाम्याखाली ‘लढाई शांततेत पार पडली’ अशी ओळ वाढवून निघून गेला. ईश्वरदास आणि कुंदाबाई सतरा नंबरची खुंटी दोन टोकांनी धरून, पण आता एकाच दिशेने, घेऊन गेले. म्हशीला बांधायला मजबूत होती. अकरापर्यंत बांधी मोकळी झाली. ओमेश्वरी मागच्या पायरीवर टेकली आणि रुचि तिच्या मांडीवर चढून बसली. तेव्हा शालीकरामकाकांचा आवाज आला. बाकी सारे अजून विजयाचं विश्लेषण करत होते.

“ताई, सगळे घरी पोचले ना?”

ओमेश्वरीने मान उंचावून पाहिलं. तलाठ्याची गाडी वळणाला लागली होती, आंब्याखाली कोणी नव्हतं, सासूबाई मोरीत पाय धूत होत्या. “हो काका,” ती म्हणाली, “सगळे पोचले.”

रुचि फोनकडे पाहत होती. “मम्मी, हे लढाई पहिले खरी खरी झाली होती?”

“हो.”

“कधी?”

“नोव्हेंबरमध्ये. अठराशे सतरा.”

“किती दिवस?”

“संध्याकाळी सुरू झाली, दुसऱ्या दिवशी दुपारी संपली.” ओमेश्वरी धडाधड उत्तरं देत होती. तोफा किती, टेकडीचा उतार किती, वारा कुठून, सारं तिला तोंडपाठ होतं. आणखी विचार, असं तिने लेकीचे केस सारखे करत म्हटलं.

रुचि मांडीवरून उतरून तिच्यासमोर उभी राहिली.

“मंग ते लोक? ते पोचले का घरी?”